थंडी पडली की बेडकीची कात अडकते: एक हात नसलेल्या झाडबेडकीचा हिवाळा

आधी लक्षणं सांगतो, कारण ज्यांच्या घरी हेच चाललंय ते आत्ता घाईत असणार.

दिवाळी होऊन दोन-तीन आठवडे झाले, रात्रीचा पारा उतरायला लागला की बाथरूममधली झाडबेडकी फिकट पडते. पाठीवरचे डाग पुसट होतात. डोळे अर्धवट मिटलेले. समोर रातकिडा नाचला तरी ढिम्म हलत नाही. फरशीवर चढायला जाते आणि घसरते, जी कधी घसरत नाही. आणि उजव्या काखेत ओल्या टिश्यू पेपरची सुरळी लोंबावी तसं काहीतरी लोंबतं. दुसऱ्या दिवशी ते वाळून दोऱ्यासारखं आवळतं. आमच्याकडे हे लागोपाठ तीन हिवाळे झालं. त्यातले पहिले दोन माझ्या चुकीच्या निदानात गेले.

बेडकी आमची नव्हे, रानातली. घर पुण्याच्या पश्चिमेला, पौडच्या वाटेवर. पावसाळा संपला की ही मंडळी आडोसा शोधत घरात येतात, हे नवीन नाही. आई कोकणातली, ती म्हणते, मोरीत बेडूक नसेल तर आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. जात अगदी सर्रास दिसणारी. शास्त्रीय नाव पॉलिपेडेटिस मॅक्युलेटस, इंग्रजांच्या तोंडी चुनाम फ्रॉग. चुन्याच्या भिंतीला चिकटून बसायचा म्हणून चुनाम. बोटांच्या टोकाला गोल चकत्या, रंग पिवळसर तपकिरी, मांडीच्या मागच्या बाजूला पिवळे ठिपके. पावसात पाण्यावर फेसाचं घरटं बांधतात तेच हे. मादी नराहून बरीच मोठी असते.

आमच्या मादीचा उजवा हात खिडकीच्या काचेच्या झडपेत सापडला आणि कोपराखाली गेला. चूक माझीच, न बघता झडप ओढली. प्राण्यांच्या डॉक्टरांनी जखम साफ केली, ती भरली. आईने तिचं नाव ठेवलं ठकी. लहानपणी तिच्याकडे लाकडी ठकी होती, तिचाही एक हात मोडलेला. जूनमध्ये पहिला दणकून पाऊस झाला तेव्हा ठकीला मागच्या टाक्याशी सोडलं. ऑक्टोबरात ती स्वतःच्या तीन पायांनी परत व्हेंटिलेटरमध्ये हजर. तेव्हापासून हाच क्रम.

आता निदानाकडे.

पहिल्या वर्षी मला वाटलं, गारठली. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे काही रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो. बेडकाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, तेव्हा हे तर उघडच. म्हणून तिला मोठ्या डब्यात ठेवलं आणि वर जुना ४० वॉटचा पिवळा बल्ब टांगला. दोन दिवसांत ती आणखी चिमली. पाठीचं कातडं पापडासारखं दिसायला लागलं, आणि काखेतला तो दोरा आणखी घट्ट झाला.

दुसऱ्या वर्षी उलटं टोक गाठलं. बल्ब नको, पाणीच पाणी. डब्यात ओला स्पंज, खाली पाणी, वर झाकण घट्ट. चार-पाच दिवस बरी वाटली. मग एक दिवस मांड्यांच्या आतली कातडी लालसर दिसली. डॉक्टरांनी सांगितलं, घाणेरड्या ओलीत जंतू वाढले, त्याचा संसर्ग. औषधाने बरी झाली, पण नशिबाने. तो स्पंज आजही आठवला की ओशाळतो. बाजारातला पिवळा स्पंज दोन दिवसांत बुळबुळीत होतो, तो स्वतःच्या भांड्यांनाही वापरू नये.

तिसऱ्या वर्षी दोन गोष्टी लक्षात आल्या, आणि त्या पहिल्या वर्षीच यायला हव्या होत्या.

एक: ठकी राहते ते बाथरूम पाहुण्यांचं. दिवाळीत पाहुणे होते, चार माणसं रोज आंघोळ करत होती, तोवर ठकी टवटवीत. पाहुणे गेले आणि आठव्या दिवशी तीच रडकथा. गारवा दोन्ही आठवड्यांत सारखाच होता. मग आर्द्रतामापक आणून लावला. दुपारी तीन वाजता त्या रिकाम्या बाथरूममध्ये २८ टक्के! एकाने गरम पाण्याने आंघोळ केली की तोच काटा ७० च्या वर.

दोन: त्याच व्हेंटिलेटरमध्ये एक नर राहतो, चारही पाय धड. त्याला काही म्हणजे काही होत नाही. हातपाय पोटाशी घेऊन महिनाभर एका जागी बसतो, वाळक्या पानासारखा, आणि मजेत असतो.

म्हणजे कोरडी हवा हे कारण, पण अर्धंच. तीच हवा त्याला का बाधत नाही?

उत्तर त्यांच्या अंग पुसण्यात आहे. या जातीच्या कातडीतून बुळबुळीत स्राव येतो, त्यात स्निग्ध अंशही असतो. तो हे बेडूक हातापायांनी अंगभर फासतात. त्याने कातडीतून उडणारं पाणी कमी होतं. बनारसच्या आणि अमेरिकेच्या संशोधकांनी याच जातीवर हे पाहून १९९७ साली मांडलंय. आपण दिवाळीच्या पहाटे तेल लावून घेतो ते वर्षातून एकदा, ही मंडळी कोरड्या दिवसांत पुन्हापुन्हा. रात्री टॉर्च न लावता, पॅसेजच्या अंधूक उजेडात बसून बघितलंत तर दिसतं: हात डोक्यावरून मागून पुढे, मग कुशीवर, मागच्या पायाने पाठ. मांजरासारखंच, फक्त फार सावकाश.

ठकीला उजवी बाजू पुसता येत नाही. थुटका कोपर हलवते, तो पोचत नाही. तिची कोरडी पट्टी नेमकी उजव्या कुशीवरच येते. दोन्हींची सांगड माझी मी घातली आहे, पण ती जागा तीन वर्षांत एकदाही डावीकडे सरकलेली नाही.

कातीचंही तसंच. बेडूक कात टाकतो आणि लगोलग खाऊनही टाकतो, म्हणून आपल्याला ती सहसा दिसत नाही. आधी रंग मळका होतो, मग पाठ वाकवून जांभया दिल्यासारखं तोंड उघडझाप करतो, मग हातापायांनी कात सोलत तोंडाकडे ओढतो. शर्ट डोक्यावरून काढताना एक हात प्लास्टरमध्ये असावा, तशी ठकीची गत होते. डावीकडची निघते, उजवीकडची काखेत गोळा होते. हवा ओली असेल तर ती चिखलासारखी सुटून पडते. कोरडी असेल तर वाळते, आवळते, आणि थुटक्या हाताचा रक्तपुरवठा तोडू शकते. अंग असं अडकलेलं आणि आतून पाणी कमी, मग खाणार कोण? घसरणंही त्यातच आलं: बोटांच्या चकत्या ओल्या असतील तरच धरतात.

उपाय सांगतो, पण त्याआधी एक. तुमच्याकडचा बेडूक धडधाकट असेल आणि नुसता गप्प बसला असेल, तर त्याला हात लावू नका. हिवाळ्यात महिनाभर न खाणं त्याच्यासाठी आजार नाही. जखमी किंवा अपंग असेल तर आधी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. रानातला जीव आपल्या मर्जीने डब्यात कोंडून ठेवायचा नसतो, आणि जवळ प्राण्यांचं बचाव केंद्र असेल तर त्यांना हे आपल्याहून चांगलं जमतं. खाली लिहिलंय ते अशा बेडकासाठी, जो तुमच्याच घरात मोकळा राहतो आणि ज्याला चार वाईट आठवडे पार करून द्यायचे आहेत.

सगळ्यात पहिलं काम हवेचं. बेडकाचं नव्हे, बाथरूमचं. रोज संध्याकाळी एक बादली पाणी उघडं ठेवतो, दांडीवर जुना सुती टॉवेल ओला करून पसरतो, व्हेंटिलेटरच्या निम्म्या झडपा बंद करतो. निम्म्याच. सगळ्या बंद केल्या की कुबट हवा कोंडते आणि मग माझ्या दुसऱ्या वर्षाची पुनरावृत्ती. घरातल्या कोणीतरी दिवसाआड तिथेच आंघोळ करायची, हा नियम आता सर्वांनी मान्य केलाय, मुलाने जरा कुरकुर करून. काटा दुपारी ५० च्या आणि रात्री ६०-७० च्या आसपास राहिला की मी समाधानी असतो. कायम ९० ठेवू नका, दिवसा थोडं सुकायला हवं.

कोपऱ्यात एक उथळ थाळी. पाणी तिच्या हनुवटीखाली राहील इतकंच, बोटभर खोल. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांडीच्या खालच्या कातडीतून शोषतो. त्यामुळे त्या पाण्यात जे असेल ते थेट अंगात जातं. नळाचं पाणी २४ तास उघड्या भांड्यात शिळं करून मग वापरायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातं. तुमच्या पाण्यात क्लोरामिन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनणारं जंतुनाशक) असेल तर ते असं उडत नाही, मत्स्यालयाच्या दुकानात त्यावरचं औषध मिळतं. नुसतं आरओचं पाणी मी वापरत नाही, त्यात क्षार जवळपास नसतात. थाळी रोज धुवायची, साबण न लावता, कढत पाण्याने. बेडूक पाण्यातच हगतो, हे लक्षात ठेवा.

फिनेल, ॲसिड, सुवासिक फवारे त्या बाथरूममध्ये ऑक्टोबर ते जून बंद. डासांचं लिक्विड मशीन आणि कॉइलसुद्धा. त्यातलं कीटकनाशक आपल्याला फारसं बाधत नाही, पण जो जीव कातडीने श्वास घेतो त्याला ते विष आहे. एका पावसाळ्यात शेजारच्या खोलीत मशीन चालू राहिलं होतं आणि बाथरूमच्या फरशीवर सकाळी एक लहान बेडूक उताणा सापडला. मशीननेच गेला असं छातीठोक सांगता येणार नाही, पण त्यानंतर आम्ही मच्छरदाणीवर आलो.

आता अडकलेली कात. वाळली असेल तर ओढायची नाही. कितीही मोह झाला तरी नाही, खालची नवी कातडी सोबत येते. हात साबण न लावता नीट धुवा, सॅनिटायझर लागलेले हात तर नकोतच. पावडर नसलेले हातमोजे ओले करून घातले तर उत्तम. बेडकाला उथळ शिळ्या पाण्यात, खोलीच्या तापमानाच्या, पंधरा-वीस मिनिटं बसवा. वर जाळीचं झाकण. मग ओल्या इअरबडने सुरळी थुटक्याच्या टोकाकडे हलकेच गुंडाळत न्यायची. ठकीची साधारण तिसऱ्या वळशाला सुटते आणि इअरबडला शेवाळासारखी चिकटून येते. न सुटल्यास पुन्हा भिजवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. खालचा भाग जांभळा किंवा सुजलेला दिसला तर हे घरचं काम राहिलं नाही.

उचललं की ती हमखास मुतेल. हसू नका आणि घाबरूही नका, पण ते गंभीरपणे घ्या. ते मूत्र म्हणजे तिच्या पाण्याची टाकी आहे. बेडूक मूत्राशयात पाणी साठवतो आणि कोरड्या दिवसांत तिथूनच परत वापरतो. तुम्ही उचललंत आणि टाकी रिकामी झाली. म्हणून प्रत्येक उचलण्यानंतर अर्धा तास थाळीत बसवणं सक्तीचं, आणि मुळात उचलणंच कमी. पहिल्या वर्षी मी काळजीपोटी दिवसातून तीनदा उचलून बघायचो. ती वाळायला बल्बइतकाच मीही जबाबदार होतो.

ऊब लागते का? आमच्याकडे फारशी नाही. या जातीला आपली थंडी ओळखीची आहे. एखादी रात्र फारच गार असेल तर तिला डब्यात ठेवतो आणि गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून डब्याच्या बाहेर, एकाच बाजूला ठेवतो, म्हणजे नको वाटलं तर तिला दुसरीकडे सरकता येतं. बल्ब, हेअर ड्रायर, खोलीचा हीटर हे सगळं हवा सुकवतं. नाशिक, निफाडकडे थंडी आमच्याहून जास्त, तिथे डबा आतल्या खोलीत घ्यावा लागेल.

पण ऊब आणि खाणं यांची गाठ आहे, आणि इथे बहुतेकांची फसगत होते. खात नाही म्हणून आपण तोंडात कोंबतो. गार अंगात पचन जवळजवळ थांबलेलं असतं, किडा पोटात तसाच राहून सडतो, पोट फुगतं. माझा नियम सोपा आहे: खोली २० अंशांच्या वर नसेल तर खायला नाही. आणि काखेतली कात सुटेपर्यंतही नाही. आधी पाणी, मग कात, मग दोन दिवस विश्रांती, मग किडा. हा क्रम पाळल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी ती स्वतःहून खाते.

खाऊ घालताना हात नसल्याची अडचण पुन्हा समोर येते. मोठा किडा पकडल्यावर बेडूक दोन्ही हातांनी तो तोंडात ढकलतो. ठकी एका हाताने ढकलते आणि किडा दुसऱ्या बाजूने निसटतो. म्हणून किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून लहानच हवा. बोथट टोकाच्या लांब चिमट्यात मागून धरायचा आणि तिच्या डाव्या बाजूने समोर हलवायचा. हललाच पाहिजे, निश्चल वस्तू तिच्या लेखी अन्न नाही. तुमचा बेडूक एका डोळ्याने आंधळा असेल तर चांगल्या डोळ्याच्या बाजूने दाखवा, आणि घास गिळायला त्याला जास्त वेळ द्या. बेडूक गिळताना डोळे आत ओढून घास मागे ढकलतो, त्यामुळे डोळा गेला की गिळणंही अवघड होतं. मागचा पाय नसेल तर उडी चुकते, त्याला किडा अगदी नाकासमोर लागतो.

किडे कुठले? रातकिडे उत्तम. पक्ष्यांच्या दुकानात मीलवर्म (एका भुंगेऱ्याच्या अळ्या) मिळतात, पण त्यांची कवचं कडक, नुकतीच कात टाकलेले पांढरे निवडून घ्या. घरातली झुरळं नकोत, कोणाच्या घरचा स्प्रे खाऊन आली असतील सांगता येत नाही. गांडुळं चांगली, मात्र गांडूळखताच्या ड्रममधली लालसर जात सोडून. तिला चेपलं की पिवळट, उग्र वासाचा द्रव सुटतो. ठकीने एक तोंडात घेतलं आणि ज्या चेहऱ्याने थुंकलं, तो चेहरा मी आमच्या मुलाचा कारल्याच्या भाजीसमोर बघितलाय. आठवड्याला दोन वेळा तीन-चार किडे, त्यातल्या एका वेळी फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पूड भुरभुरवून. किड्यांत कॅल्शियम फार कमी असतं आणि त्याच त्याच किड्यांवर राहिलेल्या बेडकाचा जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय थरथरतात.

वजन करा, आठवड्यातून एकदा. डोळ्यांना फरक दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. दागिन्यांसाठी वापरतात तसला छोटा डिजिटल काटा पुरतो. हलका डबा ठेवून शून्य करायचा आणि बेडकीला डब्यासकट तोलायचं. ठकी ऑक्टोबरात १३.४ ग्रॅम होती. एखादा ग्रॅम उतरला तर तो बहुधा पाण्याचा असतो आणि अर्धा तास भिजवल्यावर बराचसा परत येतो. भिजवूनही परत आला नाही तर ती खरी रोड होतेय.

काही खुणा दिसल्या तर वजन उतरण्याची वाट न बघता डॉक्टर गाठा: मांड्यांच्या आत किंवा पोटावर लाली, पोट फुगून टणक, उताणं केल्यावर सरळ न होणं, रात्रीही डोळे न उघडणं, कात लागोपाठ तुकड्यातुकड्यांनी निघत राहणं. शेवटच्यात बुरशीचा संशय घ्यावा. कायट्रिड नावाची बुरशी जगभर बेडकांच्या मुळावर उठली आहे आणि पश्चिम घाटातल्या बेडकांवरही ती सापडली आहे. म्हणून एकाची थाळी, चिमटा, फडकं दुसऱ्याला वापरायचं नाही, दुकानातला कुठलाही बेडूक जवळ आणायचा नाही, आणि सोडताना जिथून आला तिथेच सोडायचा. कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना बेडकाचं जमतं असं नाही. फोन करून आधी विचारा, आणि नेताना डब्यात ओलं सुती फडकं घाला, पाणी नको.

मीठ, हळद, ओआरएस, खोबरेल. हे चारही मला कोणी ना कोणी प्रेमाने सुचवलंय. चारही नको. कातडीने पिणाऱ्या जिवाला घरगुती लेप लावणं म्हणजे ते त्याला पाजणंच आहे.

या वर्षी थंडी नोव्हेंबरअखेर अचानक उतरली. टॉवेल, बादली, निम्म्या झडपा आदल्या आठवड्यापासून तयार होत्या. चौथ्या रात्री ठकी मळकी दिसली, पाठ वाकली, जांभया सुरू झाल्या. मी आणि आई पॅसेजमध्ये स्टुलं टाकून बसलो. डावीकडची कात सरसर गेली. उजवीकडची काखेत आली, थांबली. मग तिने काय केलं, तर मागचा उजवा पाय वर आणला, सुरळीत अडकवला आणि दोन झटक्यांत खाली खेचली. फरशीवर पडलेली ती सुरळी तिने वळून खाल्लीही. आई म्हणाली, "बघ, बादली भरण्यापलीकडे तुझं काही काम नव्हतं." आत्ता ती मनी प्लांटच्या पानामागे आहे, १३.१ ग्रॅम, आणि बादली भरायची वेळ झाली आहे.